सुडाची खातेवही

एका माणसाला खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली आहे. निकाल लागला आहे, फाशीचा खांब उभा राहिला आहे, दिवसही ठरला आहे. ऐन वेळी तो तुरुंगातून पळतो. ज्याचा त्या खुनाशी काडीचाही संबंध नाही असा दुसराच एक गृहस्थ त्याचा पाठलाग करतो आणि त्याला ठार मारतो. पण ज्या अपराधासाठी तो त्याला मारतो, तो अपराध त्या पळालेल्या माणसाने केलेलाच नसतो. आता प्रश्न असा, की या मारणाऱ्याने नेमके काय वाईट केले? जो मेला तो मरणारच होता. तो काही सज्जन नव्हता. त्याच्यासाठी गावात कोणी डोळ्यांतून टिपूस काढणार नव्हते. मग मारणाऱ्याच्या मनाला टोचणी लागावी ती कशाची?

हा प्रश्न नीतिशास्त्राच्या एखाद्या जाडजूड ग्रंथात शोभला असता. मला तो भेटला घोड्यांच्या आणि पिस्तुलांच्या एका अमेरिकन चित्रपटात. या जातीच्या चित्रपटांना 'वेस्टर्न' म्हणतात, आणि आपल्याकडील विचारी मंडळी त्यांच्याकडे बहुधा पोरासोरांची करमणूक म्हणून पाहत आली आहेत. ही उपेक्षा सर्वस्वी अन्यायाची आहे असे मी म्हणत नाही. यांतील पुष्कळ चित्रपट त्याच योग्यतेचे असतात. परंतु जेथे पोलीस लांब आहे, न्यायालय त्याहून लांब आहे आणि बंदूक मात्र हाताशी आहे, अशा मुलखात माणसाला उभे केले म्हणजे न्याय आणि सूड यांच्यामधली रेघ फार स्पष्ट दिसू लागते. शहरात ती रेघ वकील, कागद आणि तारखा यांच्याखाली झाकलेली असते.

मी ज्याच्याविषयी लिहीत आहे तो 'द ब्रॅव्हाडोज' हा चित्रपट १९५८ सालचा. फ्रँक ओ'रूर्क याच्या कादंबरीवरून फिलिप योर्डन याने त्याची पटकथा लिहिली आणि हेन्री किंग याने त्याचे दिग्दर्शन केले. नायक आहे ग्रेगरी पेक. किंग हा मूकपटांच्या जमान्यापासूनचा कसबी दिग्दर्शक; १९४३ सालचा संत बर्नाडेटवरील प्रसिद्ध चित्रपट त्याचाच. १९४९ ते १९५९ या काळात किंग आणि पेक यांनी मिळून सहा चित्रपट केले, त्यांतला हा पाचवा. छायाचित्रणाबद्दल चार वेळा ऑस्कर मिळविणारा लिऑन शॅमरॉय कॅमेऱ्यामागे होता, आणि चित्रण मेक्सिकोतील डोंगराळ मुलखात झाले. एवढी सामग्री असूनही जाणकारांच्या याद्यांत या चित्रपटाला पहिली ओळ मिळत नाही. ती का मिळत नाही आणि तरीही तो मनातून का जात नाही, या दोन्हींची उत्तरे मला एकाच ठिकाणी सापडतात असे वाटते.

कथा थोडक्यात सांगतो. जिम डग्लस हा गुरे पाळणारा माणूस रिओ अरिबा नावाच्या गावात येतो, तो दुसऱ्या दिवशी होणारी चौघांची फाशी पाहण्यासाठी. झॅकरी, टेलर, पराल आणि लुहान ही त्या चौघांची नावे. सहा महिन्यांपूर्वी डग्लसच्या घरात शिरून कोणी त्याच्या पत्नीवर अत्याचार करून तिला ठार केले आहे, आणि ते हेच चौघे अशी त्याची खात्री आहे. गावात त्याला जोसेफा नावाची जुन्या ओळखीची स्त्री भेटते. डग्लस तुरुंगात जाऊन त्या चौघांकडे टक लावून पाहतो. ते त्याला ओळखत नाहीत. त्या संध्याकाळी गाव चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले असताना फाशी देण्यासाठी म्हणून आलेला तोतया मारेकरी शेरीफवर वार करतो, चौघे सुटतात आणि दुकानदाराच्या मुलीला, एम्माला, ओलीस धरून पळतात. गावकऱ्यांची टोळी पाठलागाला निघते. डग्लस मात्र सकाळपर्यंत थांबतो. त्याला घाई नाही. घाई करण्याची ज्याला गरज वाटत नाही असा राग किती खोल असतो हे त्या एका गोष्टीवरून कळते.

पुढे तो एकेकाला गाठतो. त्याच्या खिशातल्या घड्याळात पत्नीचे छायाचित्र आहे. पराल सापडतो तेव्हा डग्लस ते छायाचित्र त्याच्यापुढे धरतो. पराल गयावया करतो, या बाईला मी कधी पाहिलेच नाही म्हणतो. डग्लस त्याला मारतो. टेलरला तो फासात अडकवून झाडाला उलटा टांगतो. उरलेले सरहद्द ओलांडून मेक्सिकोत जातात. गावकऱ्यांची टोळी कायद्याच्या मर्यादेपाशी थांबते, डग्लस थांबत नाही. तेथे एका गुत्त्यात तो झॅकरीला गाठतो. पुन्हा तेच घड्याळ, तेच छायाचित्र, तेच नकारार्थी उत्तर आणि तीच गोळी.

शेवटी राहतो लुहान. डग्लस त्याच्या घरात शिरतो, तेव्हा लुहानची बायको मागून त्याच्या डोक्यात भांडे घालते. शुद्धीवर येतो तेव्हा पारडे फिरलेले असते: शस्त्र लुहानच्या हातात आहे. आणि लुहान त्याला विचारतो की, तू आमच्या मागे का लागला आहेस? साऱ्या चित्रपटात हा प्रश्न पहिल्यांदाच नीट विचारला जातो आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले जाते. बोलता बोलता डग्लसला तेथे पैशांची एक पिशवी दिसते. ती त्याच्याच घरातून खुनाच्या दिवशी चोरीला गेलेली पिशवी. लुहान सांगतो की, ही आम्हांला वाटेत एका माणसापाशी मिळाली. तो माणूस म्हणजे डग्लसचा शेजारी बटलर. ज्याने चौघांना तुझ्या घराकडून जाताना पाहिले म्हणून डग्लसला सांगितले होते, तोच. खुनी चौघांपैकी कोणीही नव्हता. खुनी शेजारी होता.

आता या चित्रपटाचे पहिले बळ. तो प्रेक्षकाला निवाडा करावयास बोलावीत नाही. तो प्रेक्षकाच्या हातात चाबूक देतो. पेक हा नट कसा आहे ते आठवावे. उंच, सरळ, कमी बोलणारा. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले की हा माणूस खोटे बोलणार नाही अशी खात्री वाटते. पुढे १९६२ साली याच पेकने 'टु किल अ मॉकिंगबर्ड'मध्ये एका निरपराध माणसासाठी उभा राहणारा वकील रंगविला आणि त्याबद्दल त्याला ऑस्कर मिळाले. असा माणूस ज्याला अपराधी समजतो तो अपराधीच असला पाहिजे, असे आपण न विचारता धरून चालतो. पुरावा कोणता, हे आपण विचारीत नाही. पराल गुडघे टेकून नाकबूल करतो तेव्हा तो खोटारडाच वाटतो, कारण खोटारडा माणूस नेमके तेच म्हणेल. गंमत अशी की, खरा माणूसही नेमके तेच म्हणेल. हे आपल्या ध्यानात येते ते फार उशिरा, आणि तेव्हा डग्लसच्या बरोबरीने आपणही हात धुवावयास पाणी शोधू लागतो.

या दृष्टीने ते घड्याळ मला फार मोलाचे वाटते. डग्लस प्रत्येकाला छायाचित्र दाखवतो, म्हणजे दिसावयास तरी तो प्रश्न विचारतो. पण त्या प्रश्नाला एकच उत्तर त्याला चालणार आहे. 'होय' म्हटले तरी मरण, 'नाही' म्हटले तरी मरण. ज्या प्रश्नाच्या दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच, तो प्रश्न नव्हे. ती शिक्षा वाचून दाखविण्याची एक रीत झाली. न्यायाधीश आणि सूड घेणारा यांत मला फरक दिसतो तो हा. न्यायाधीश दयाळू असतो आणि सूड घेणारा क्रूर असतो असे नाही. कित्येकदा उलटेही असेल. परंतु न्यायाधीशाला आपले मत बदलावे लागण्याची शक्यता राखून ठेवावी लागते. समोरचा काय म्हणतो ते ऐकण्याचा सोपस्कार म्हणजे ती राखून ठेवलेली जागा. सुडाला ती जागा परवडत नाही, कारण तेथे थोडा जरी संशय शिरला तरी पाय पुढे पडत नाही.

येथे मूळ प्रश्नाकडे वळू. डग्लसच्या बाजूने तीन गोष्टी म्हणता येतील.

पहिली अशी की, ते चौघे फासावर जाणारच होते. डग्लसने दोरीचे काम बंदुकीने केले, एवढेच. हे म्हणणे प्रथमदर्शनी बिनतोड वाटते. पण चित्रपटानेच त्याला उत्तर दिले आहे, आणि तेही एका शब्दाने न सांगता. चौथा माणूस, लुहान, शेवटी जिवंत राहतो. त्यालाही तीच शिक्षा झाली होती. तो आपल्या घरी, बायको आणि आजारी मूल यांच्याजवळ पोचतो, आणि डग्लस त्याला तेथेच सोडून परत फिरतो. म्हणजे 'ते मरणारच होते' हे विधान चौघांपैकी एकाच्या बाबतीत तरी खोटे ठरले. मग तिघांच्या बाबतीत ते खरे ठरले असते हे कोणी सांगावे? मरण अटळ होते म्हणून मी मारले असे म्हणणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी: ते अटळ करणारा पुष्कळदा तो स्वतःच असतो.

दुसरी गोष्ट अशी की, त्या तिघांनी दुसरी पापे तर केली होतीच. खून केले होते. पळून जाताना झॅकरीने त्या ओलीस धरलेल्या मुलीवर अत्याचारही केला. मग एका पापाबद्दल नाही तर दुसऱ्याबद्दल त्यांना शिक्षा झाली असे का म्हणू नये? या ठिकाणी मला आपल्या दिवाळीची आठवण होते. लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतो. त्याला विचारून पाहावे, की गोविंदाचे देणे गोपाळाच्या खात्यावर वसूल झाले तर चालेल का? रक्कम तीच, गल्ला तोच, शिल्लकही तीच. तरी तो 'नाही' म्हणेल. कारण तसे चालले तर वही राहत नाही. कोणाकडून किती आले हे पुसले गेले म्हणजे कोणाला किती द्यावयाचे हेही पुसले जाते. झॅकरी देणेकरी होता, यात शंका नाही. पण तो रिओ अरिबाचा देणेकरी होता, एम्माचा देणेकरी होता. डग्लसचा नव्हता. एम्माच्या वतीने त्याला मारले असते तर ती गोष्ट निराळी. पण झॅकरी मरताना एम्माचे नावसुद्धा कोणी घेतले नाही. तिचे येणे बुडालेच.

आपल्या महाभारतात अणीमांडव्याची कथा आहे. मौनव्रती ऋषी, चोरांनी चोरीचा माल त्याच्या आश्रमात लपविला आणि राजाच्या शिपायांनी चोरांबरोबर त्यालाही सुळावर चढविले. पुढे तो धर्मराजाला जाऊन विचारतो की, हे कशाचे फळ? धर्म म्हणतो, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. ही जमाखर्चाची पद्धत त्या ऋषीला मुळीच पटली नाही. त्याने प्रत्यक्ष धर्मालाच शाप दिला, आणि त्यामुळे धर्माला विदुर म्हणून जन्म घ्यावा लागला. आपल्या पूर्वजांना कर्मफलाचा सिद्धांत मान्य होता. तरीही कोठल्यातरी जुन्या अपराधाचा हवाला देऊन आजच्या शिक्षेची भरपाई करणे त्यांना इतके खटकले, की त्यांनी त्यासाठी यमधर्मालाही सोडले नाही. मग डग्लसला कसे सोडावे?

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. डग्लसने जे केले ते प्रामाणिक समजुतीने केले. शेजारी सांगतो, चौघे त्या वाटेने गेलेले आहेत, चौघे नामांकित गुंड आहेत. याहून माणसाला अधिक काय हवे? समजूत चुकली, हेतू चुकला नाही. मला वाटते, येथे आपण 'प्रामाणिक' या शब्दाला जरा जास्तच मान देतो. समजूत प्रामाणिक असण्यासाठी ती मनापासून असणे पुरत नाही. ती तपासून घेण्याची तयारीही असावी लागते. शेअर बाजारात पैसे गुंतविणारा माणूस एकाच्या सांगण्यावर विसंबत नाही. मुलीला स्थळ पाहणारा बाप चार घरी चौकशी करतो. आणि तीन माणसांचे प्राण घ्यावयास निघालेला डग्लस शेजाऱ्याच्या एका वाक्यावर सहा महिने घोडा दामटतो. तो वाक्यावर विश्वास ठेवतो, कारण त्याला ते वाक्य हवे असते. दुःखाला तोंड नसते. सुडाने त्याला चार तोंडे मिळवून दिली. ती तोंडे त्याच्याकडून कोणी काढून घेतली असती तर त्याच्याजवळ नुसते दुःख उरले असते, आणि ते सोसणे त्याला या पाठलागाहून कठीण होते.

म्हणून मला वाटते की, त्या तिघांपासून डग्लसने हिरावून घेतले ते केवळ आयुष्याचे उरलेले दिवस नव्हते. कितीही वाईट माणूस असो, त्याचा एक हक्क उरतोच: आपण जे केले त्याच्याबद्दल, आणि केवळ त्याच्याबद्दल, जाब द्यावा लागण्याचा. फाशीच्या दोरीपाशीही तो हक्क जिवंत असतो. किंबहुना तेथे दुसरे काहीच उरलेले नसते. पराल मेला तो दुसऱ्या कोणाच्या अपराधाचा धनी होऊन मेला. त्याचे मरणसुद्धा त्याचे स्वतःचे राहिले नाही.

हे सारे विचार ज्या चित्रपटातून निघतात तो चित्रपट मोठाच म्हटला पाहिजे, असे कोणी म्हणेल. दुर्दैवाने तसे नाही. आणि त्याचे दोष केवळ कलेचे नाहीत. कलेचा दोष आणि नीतीचा दोष येथे हातात हात घालून चालतात.

लहान दोष आधी सांगतो. जोसेफा ही नायकाची जुनी ओळख कथेत आहे, पण तिला करावयाचे काम काही नाही. नायकाला शेवटी कोणीतरी असावे म्हणून ती घोड्यावरून मागे मागे येते. रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून निळ्या रंगात बुडविले आहेत. काहींना ते काव्यमय वाटतात, मला निळीच्या पाण्यासारखे वाटतात. पैशांची पिशवी नेमकी त्याच घरात नेमकी त्याच वेळी दिसावी, हा योगायोग जरा बेताचाच पटतो.

मोठा दोष निराळा आहे. चित्रपटाला प्रश्न विचारण्याचे धैर्य आहे, पण प्रश्न पूर्ण बोचू देण्याचे धैर्य नाही. झॅकरीच्या हातून एम्मावर अत्याचार होतो तो कशासाठी? कथेला त्याची गरज नव्हती. गरज होती ती प्रेक्षकाच्या मनाला: पुढे सत्य कळल्यावर त्याला 'तरी बरे झाले, मेला ते' असे म्हणता यावे म्हणून. बटलरचेही तसेच. खरा खुनी शेवटी डग्लसच्या समोर जिवंत उभा राहिला असता तर काय झाले असते? पश्चात्ताप झालेल्या माणसाने त्याला मारले असते की शेरीफच्या हवाली केले असते? खरी कसोटी तेथे होती. पण बटलर त्याआधीच मेलेला आहे, आणि त्याला मारले आहे झॅकरीने. म्हणजे डग्लसच्या पत्नीचा सूड नकळत झॅकरीने घेतला, आणि डग्लसने त्याचे पारिश्रमिक म्हणून त्याला गोळी घातली! एवढा भयंकर विपर्यास कथेच्या पोटात पडलेला असून चित्रपट त्याच्याकडे मान वळवून पाहतसुद्धा नाही. कथाकाराला तो फक्त एक सोयीचा मृत्यू वाटला.

त्याहूनही खोल दोष असा की, सूड वाईट का, याचे या चित्रपटाचे उत्तर आहे 'कारण पत्ता चुकला'. समजा, ते चौघे खरोखरच खुनी असते. मग गुडघे टेकलेल्या माणसाला मारणे, दुसऱ्याला उलटे टांगणे, हे सारे योग्य ठरले असते काय? चित्रपट यावर गप्प आहे. १९४३ साली वेलमन याने दिग्दर्शित केलेल्या 'दि ऑक्स-बो इन्सिडेंट' या चित्रपटात जमाव तीन माणसांना झाडाला लटकावतो आणि मागाहून कळते की, ज्याचा खून झाला म्हणून हे केले तो जिवंत आहे. तो चित्रपट अधिक नावाजला जातो, आणि ते रास्तही आहे. पण तेथेही मेलेले तिघे निर्दोष आहेत. निर्दोषाला मारू नये हे समजण्यासाठी फारशी नीती लागत नाही. आपल्या भागवतातली द्रौपदी याहून पुढे गेलेली आहे. तिची झोपलेली मुले ज्याने कापली तो अश्वत्थामा अर्जुनाने बांधून तिच्यापुढे आणून टाकला. तेथे पत्ता चुकलेला नव्हता, पुरावा कमी नव्हता. तरी ती म्हणते की, याला सोडा. मी रडते आहे तशी याची आई रडावयास नको. अपराध्याविषयी तिला शंका नाही. दुःखाची बेरीज करून दुःख कमी होत नाही, एवढेच तिला दिसले आहे.

न्यायबुद्धीने सांगावयाचे तर, चित्रपटालाही हे एका क्षणी दिसते. लुहानच्या घरातला तो प्रसंग. डग्लस तेथे शिरला तो एका खुन्याला मारावयास. पाहतो तो एक बायको, एक आजारी मूल आणि त्यांच्यापुढे उभा असलेला नवरा. आणखी थोड्या वेळाने त्या घराचे काय झाले असते? डग्लसच्या घराचे जे झाले होते, बरेचसे तेच. परका पुरुष शस्त्र घेऊन घरात शिरतो आणि संसार मोडतो: बटलरने जे केले ते करावयास आता डग्लस आला होता. पिशवी सापडली नसती तरी त्याला हे दिसले असते काय, हे चित्रपट सांगत नाही. मला मात्र तो प्रसंग पिशवीसाठी आठवत नाही, त्या मुलासाठी आठवतो.

या साऱ्या संकोचाला काळाचेही कारण आहे. हॉलिवूडमधील निर्मात्यांनी १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता केली होती. १९३४ पासून ती कडकपणे पाळली गेली आणि १९६८ साली ती मोडीत निघाली. तिच्यात सुडाविषयी खास कलम होते: आधुनिक काळातील सूड समर्थनीय म्हणून दाखवू नये, मागासलेल्या काळात आणि प्रदेशात, विशेषतः जेथे कायदा पोचत नाही तेथे, तो कधीकधी चालेल. वेस्टर्नवाल्यांचे सारे दुकान या सवलतीवर चालले असे म्हटले तरी चालेल. सूड दाखवावयाचा, त्याची गोडी चाखू द्यावयाची, आणि शेवटी चर्चची घंटा वाजवावयाची. आपल्याकडेही याचा एक मासला आहे. १९७५ सालच्या 'शोले'त मूळ शेवटी ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरच्या आग्रहामुळे ऐन वेळी पोलीस आणून गब्बरला त्यांच्या ताब्यात द्यावे लागले. तीन तास सुडाची तहान वाढवून अखेरीस कायद्याचे पाणी पाजले, की तहान भागत नाही आणि कायद्याविषयी आदरही वाढत नाही. नीती शेवटी चिकटविता येत नाही. ती कथेत पहिल्यापासून असावी लागते.

'द ब्रॅव्हाडोज'चा शेवटही चर्चमध्येच आहे. परंतु तो केवळ चिकटविलेला आहे असे मला म्हणवत नाही. डग्लस परत येऊन धर्मगुरूपाशी सारे कबूल करतो. धर्मगुरू त्याच्या कृत्याला चांगले म्हणत नाही. पण तू स्वतःचे समर्थन करीत नाहीस ही गोष्ट मोठी आहे, अशा अर्थाचे काही सांगतो. बाहेर गाव जमले आहे. गावाला यातले काही ठाऊक नाही. त्यांच्या लेखी हा गुंडांचा निःपात करणारा वीर. ते त्याचा जयजयकार करतात. डग्लस त्यांच्याकडे एवढेच मागतो की, माझी आठवण तुमच्या प्रार्थनेत ठेवा. ज्याला आपण दोषी आहोत हे समजले आहे त्याला टाळ्या ऐकाव्या लागणे, याहून कठोर शिक्षा कोणत्या न्यायालयाने दिली असती? पेकच्या चेहऱ्यावर ती शिक्षा दिसते. दोष इतकाच की, लगेच जोसेफा आणि त्याची चिमुकली मुलगी जवळ येतात, आणि शिक्षेला अर्ध्या मिनिटात माफी मिळाल्यासारखे होते. जॉन फोर्डच्या १९५६ सालच्या 'द सर्चर्स'मध्ये वर्षानुवर्षे पाठलाग करणाऱ्या ईथनचे काम संपते, सारे घरात जातात आणि दार त्याच्या तोंडावर बंद होते. फोर्डने आपल्या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवले. किंगने आपल्या माणसाला आत घेतले. पहिला शेवट अधिक खरा आहे. दुसऱ्याची इच्छा मात्र आपल्या प्रत्येकाला असते, हेही खोटे नाही.

या चित्रपटात परालची भूमिका करणारा नट ली व्हॅन क्लीफ. सात वर्षांनी, १९६५ साली, सर्जिओ लिओनेच्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' या चित्रपटात तो पुन्हा एका सूडकथेत आला. या वेळी खिशातले घड्याळ त्याच्याच हातात होते. आत त्याच्या मेलेल्या बहिणीचे छायाचित्र होते आणि पाठलाग करणारा तो होता. तेथे पत्ता बरोबर निघतो, सूड पुरा होतो, आणि प्रेक्षक समाधानाने उठतो. मला ते पाहताना सारखा आधीचा पराल दिसत राहतो: तेच नाक, तेच बारीक डोळे, आणि घड्याळाकडे पाहून 'ही बाई मला ठाऊक नाही' असे जीव तोडून सांगणारा माणूस. त्याचे म्हणणे ऐकावयास अर्धा मिनिट पुरले असते.